मटकीला शून्य गुण

‘आधी पोरांच्या ताटात, मग देवापुढं,’ असं शालनबाईंना त्यांच्या सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. दिघीतल्या त्यांच्या बचत गटानं नऊ वर्षं याच क्रमानं महापालिकेच्या शाळेत मटकीची उसळ आणि भात पोचवला.

यंदा निविदा निघाली आणि नमुन्यांची चव-चाचणी संकष्टीला ठेवण्यात आली. समितीचे पाचही सदस्य श्रद्धाळू, म्हणून उपाशी. त्यांनी शालनबाईंचा डबा उघडला, हुंगला आणि हात जोडून बंद केला. शेरा पडला, ‘चव आढळून आली नाही. गुण शून्य.’ समर्थ नावाच्या ठेकेदारानं मात्र पंचांग पाहून भगर आणि शेंगदाण्याची आमटी आणली होती. समितीनं ती तीनदा तपासली. ठेका त्याला.

शालनबाईंनी आक्षेप नोंदवला. सुनावणी घ्यायला दादासाहेब नावाचे अधिकारी होते.

“सायेब, आमची मटकी कुणी चाखलीच न्हाई.”

“मग सदस्यांनी उपवास मोडायचा होता? तुम्हीही संकष्टी धरता ना, ताई?”

“धरते की. पोरं न्हाई धरत.”

“आता धरतील,” दादासाहेब मायेनं म्हणाले. “मंजूर नमुना वर्षभर बदलता येत नाही.”

तेव्हापासून शाळेत रोज भगर. आक्षेप पुढे न्यायचा तर शंभर नागरिकांच्या सह्या हव्या होत्या. शालनबाई कागद घेऊन चिंचवडच्या आमच्या सोसायटीत आल्या. खालच्या मजल्यावरच्या पद्माताईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

“आमची ऋता काही त्या शाळेत नाही हो. पण भगर चांगलीच की. पचायला हलकी.”

“त्येच तर दुखणं हाय, बाई. खाल्ल्यावर पुढच्याच तासाला पोरं भुकेनं पोट धरून बसत्यात.”

“संस्कारही होतात ना पण.”

सही झाली नाही. मी तेव्हा संकष्टीच्या जपाला बसले होते. दारातूनच खूण केली, चंद्रोदयानंतर या. बेल तुमच्याही दाराची वाजली होती.

अकरा सह्या जमल्या. आक्षेप ‘लोकहिताचा अभाव’ म्हणून निकाली निघाला.

पुढच्या संकष्टीला शालनबाईंनी पहाटे मटकी फोडणीला टाकली. दुसरीतल्या दिव्या नावाच्या पोरीला त्यांनी मटकी आणायचा शब्द दिला होता. देवापुढचं पान रिकामंच ठेवून, उपाशीपोटी, डबा पदराखाली धरून त्या शाळेच्या रस्त्याला लागल्या.