दररोज पाऊण तास वाक्

माणसाच्या प्रकृतीचा कारभार शरीराकडे नसून मनाकडे असतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. शरीर केवळ अंमलबजावणी करते, आणि अंमलबजावणी कोठेही थोडी मागे पडायचीच.

वेंकटरावांना हे एकाहत्तराव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंकडून कळले. वेंकटराव म्हणजे तंजावुरात अडतीस वर्षे जुन्या मोडी कागदांची सूची करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा नऊ पूर्णांक एक निघाला होता. त्यांनी तो कोणालाही सांगितला नसता, पण मुलगी भारती चेन्नईहून थेट लॅबला फोन करून विचारून घेत असे. तिने निकाल दिला : तीन महिन्यांत आकडा आठाच्या खाली आला नाही, तर अप्पा-अम्मांनी चेन्नईला तिच्या चौदाव्या मजल्यावर राहायला यायचे. तेथे चालण्याचे यंत्र होते. पुस्तकांना जागा नव्हती. (कपाटे अकरा. भारतीच्या मते सगळ्यांचे फोटो काढून नेता येतील.)

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सार, सगळं माइंडसेटवर असतं." मग त्यांच्या कंपाउंडरने तमिळमध्ये सूचना लिहून दिल्या. कॉफीत साखर नको. भात एक वाटी. आणि तिसरी : दररोज ४५ मिनिटे वाक्.

येथे खुलासा आवश्यक आहे. तमिळ लिपीत इंग्रजीतला 'वॉक' आणि संस्कृतातली 'वाक्' एकाच अक्षरांनी लिहितात. काडीचा फरक नाही. सामान्य माणूस ही चिठ्ठी वाचून चालायला लागला असता. पण तंजावूरच्या मराठी घरांत देवनागरी वाचणारे थोडेच उरल्याने स्तोत्रेसुद्धा तमिळ अक्षरांत उतरवून घेतात. अशाच वह्यांतून रोज स्तोत्रे म्हणणाऱ्या वेंकटरावांना वाक् म्हणजे वाणी, याखेरीज दुसरे काही सुचणे शक्य नव्हते. दररोज पाऊण तास बोलायचे.

त्यांचे रोजचे बोलणे सरासरी चार मिनिटे भरे. (खोकला धरून.) तरी अकरा कपाटे डोळ्यांपुढे आणून ते चिठ्ठी घेऊन राजगोपालांकडे गेले. राजगोपाल विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांचे कोणी ऐकून घेतले नव्हते.

"बरोबर लिहिलंय," चिठ्ठी वाचून राजगोपाल म्हणाले. "आधी मन, मग वाणी, मग शरीर. आपण एकदम शरीराला हात घालतो, म्हणून तर पोटं सुटतात."

अशा रीतीने मनोनिश्चय आरोग्य मंडळाची स्थापना झाली. सभासद अकरा. वेळ पहाटे सहा. स्थळ शिवगंगा बागेतले सिमेंटचे दोन बाक. तेथे बसून रोज एकाने व्यायाम अथवा आहार या विषयावर पाऊण तास बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. (ऐकण्याला निम्मे श्रेय. झोपेत ऐकले तरी तेवढेच.) समोरून लोक घामाघूम होऊन चालत जात, त्यांच्याकडे मंडळ अनुकंपेने पाही. त्या बिचाऱ्यांचा पाया कच्चा होता.

पहिल्या महिन्याच्या अहवालानुसार व्यायामाची इच्छा उत्पन्न झालेले सभासद अकरा. इच्छा अनावर झालेले चार. प्रत्यक्ष व्यायामाचा रकाना जागेअभावी गाळला. आहाराबाबतही प्रगती झाली. अपराधी मनाने खाल्लेला वडा अंगी लागतो, असे ठरल्यामुळे अपराधी वाटण्यास मनाई करण्यात आली. सभेनंतर सगळे कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन तुपात डुंबणारा डाळतांदळाचा पोंगल पेजेच्या भावनेने घेत. तिरुवैयारुहून येणारे सभासद त्यागराज दर सोमवारी तिथला हलवा आणत. तो मुगाच्या डाळीचा असल्याने त्याची नोंद प्रथिने या सदरात होई.

चिठ्ठी वेंकटरावांची असल्याने त्यांची पाळी मात्र दर शुक्रवारी. सहा दिवस ते हातात टिपणे घेऊन गच्चीवर एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत बोलत जात, चुकत आणि परत फिरत. बसून त्यांना एक वाक्य आठवत नसे. शुक्रवारी घशाखाली काही उतरत नसे आणि शनिवारी, आदल्या दिवशी काय चुकले ते आठवून, उतरत नसे. हॉटेलात ते कॉफीचा पेला हातात धरून बसत आणि आपण 'स्निग्ध पदार्थ'ऐवजी 'स्निग्ध पदर' म्हटले ते किती जणांच्या लक्षात आले असेल, याचा विचार करत. त्यांचा वडा राजगोपाल खात.

"शेजारची कामाक्षी विचारत होती," एकदा पत्नी वरलक्ष्मीबाई म्हणाल्या, "मामा वर कोणाशी भांडतात म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"भांडायला दुसरं माणूस लागतं म्हटलं."

तीन महिने सरले. रक्त दिले. अहवाल आणायला दोघे दवाखान्यात गेली तेव्हा वेंकटरावांनी मनातल्या मनात अकरापैकी नऊ कपाटे वाटूनही टाकली होती. डॉक्टरीणबाई कागद वाचत होत्या.

"सार, वाक् करता ना?"

"रोज. पाऊण तास. आधी फार लाज वाटली."

"लाज कसली? सोबत कोणी असतं?"

"शुक्रवारी दहाजण असतात. निम्मे झोपतात."

"झोपतात?" बाईंनी चष्मा काढला. "चालता चालता?"

"नाही, नाही. बसून. आम्ही सगळे बसूनच करतो."

बाईंनी पेन खाली ठेवले. चिठ्ठी मागितली, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले आणि उठून खोलीत चार पावले चालून दाखवली. वेंकटराव ती पावले पाहत राहिले. अडतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या वाचनातल्या चुका काढल्या होत्या.

"म्हणजे सगळं वाया गेलं," ते म्हणाले.

"यांचं ऐकू नका," वरलक्ष्मीबाई बाईंना म्हणाल्या. "बसून कुठलं? रोज दोन-दोन तास गच्चीवर फेऱ्या. माझ्या डोक्यावर पावलं वाजतात. आणि जेवणाचं नाव नाही."

आकडा सात पूर्णांक चार होता.

मंडळाने वेंकटरावांचा शाल देऊन सत्कार केला आणि बसून व्यायाम करण्याच्या पद्धतीचा विजय म्हणून ठराव केला. वेंकटराव खुलासा करायला उठले होते, पण हातात टिपणे नसल्याने पहिल्याच शब्दाला अडले आणि ते कृतज्ञतेमुळे अडले असे गृहीत धरण्यात आले. (उरलेल्या दहाजणांचे आकडे, त्यांचा निश्चय खचू नये म्हणून, प्रसिद्ध केलेले नाहीत.)

भारतीने आणखी तीन महिन्यांची मुदत दिली आणि चालण्याचे बूट पाठवले. सकाळी वेंकटराव बूट घालून गच्चीवर गेले. आता तो व्यायाम आहे हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या फेरीला गुडघा दुखला, तिसरीला धाप लागली, चौथीनंतर ते खाली आले आणि दोन इडल्या जास्त खाल्ल्या. आठवडाभर हेच चालले. मन पूर्ण तयार होते. फक्त त्याला कशाची तयारी चालली आहे ते कळले होते.

वरलक्ष्मीबाईंनी आठ दिवस पाहिले. नवव्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "पापनाशमच्या महिला मंडळाचा फोन होता. पंधरा दिवसांनी भाषणाला बोलावलंय तुम्हाला. चाळीस बायका असतील."

"मला?" वेंकटराव पांढरे पडले. "विषय काय?"

"व्यायाम."

"मला व्यायामातलं काय कळतं?"

"तेच म्हटलं मी. ऐकेनात."

वेंकटरावांनी समोरची इडली बाजूला सरकवली, टिपणांची वही शोधली आणि ते अनवाणीच गच्चीवर गेले. भाषण पंधरा दिवसांनी पुढे ढकलले गेले. मग पुन्हा. आजवर ते सात वेळा पुढे ढकलले गेले आहे आणि आकडा सात पूर्णांक दोनवर आहे. पापनाशमला असे महिला मंडळ नाही.

हे वाचकाने वेंकटरावांना कळवू नये, ही विनंती. ते सध्या गच्चीवर आहेत. वाचकाने मात्र व्यायामावरचे एवढे सारे बसल्या जागेवरून न हलता, काहींनी तर पडल्या पडल्या, वाचून काढले. त्याच्या मनाची तयारी पूर्ण झाली आहे. याहून अधिक काही करण्याची त्याला गरज दिसत नाही.