विहिरीचे सभासद राष्ट्र

सोपानाची कोंबडी ज्ञानोबा गुरुजींच्या पेंढ्यात अंडे घालून गेली, तर गुरुजी त्या अंड्यावर पेन्सिलीने 'मूळ देश : सोपान' असे लिहून ते बांधापलीकडे परत पाठवतात. कोंबडीला मात्र हाकलत नाहीत; वर मलाच ऐकवतात, "मुक्त संचार हाय, अण्णा. सभासद राष्ट्राची कोंबडी अडवता येत न्हाई."

सभासद राष्ट्रे दोनच. एक गुरुजींचे घर, दुसरे त्यांचा धाकटा भाऊ सोपान याचे. गुंजवण्यात आमची घरे एकमेकांना लागून आहेत, आणि मी न्यायालयाच्या कचेरीत आयुष्य घालवलेला माणूस असल्यामुळे या वेडाचा सर्वाधिक जाच मला होतो.

गुरुजींनी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर माणसाने देवळात बसावे, नातवंडे खेळवावीत. यांनी मोबाईलवर युरोपातील राष्ट्रांच्या सामाईक कायद्याची प्राथमिक व्याख्याने ऐकायला घेतली. तेव्हापासून मला फाटकात गाठून ऐकवणे सुरू. "साध्या करारात दोन देश एकमेकाला शब्द देतात. मोडला, तर बोंबलत बसायचं. हितं तसं न्हाई. हितं दोघंबी आपला थोडा अधिकार काढून वरच्या मंडळाला देतात. मग मंडळाचा नियम थेट घरात लागू. घरचा कायदा आडवा आला, तर वरचा मोठा!"

हे तत्त्व त्यांनी लागू करावे कशाला? विहिरीला! बांधाच्या मोजणीवरून दोघा भावांचे बोलणे तुटलेले. विहीर तेवढी वडिलांपासून सामाईक राहिलेली. एक दिवस याची मोटार, एक दिवस त्याची, एवढ्यावर भागले असते. गुरुजींनी विहिरीचे मंडळ स्थापन केले, दर अमावस्येला आपल्या ओट्यावर बैठक ठरवली, आणि विहिरीत हिस्सा नसलेला त्रयस्थ म्हणून मला न्यायाधीश नेमले. मला न विचारता! कलम पहिले असे, की बैठकीत सभासदांनी परस्परांना नात्यानेच हाक मारावी. अशी तरतूद जगातील कोणत्याही संहितेत नसल्याची लेखी हरकत मी त्याच दिवशी घेतली. तिचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

परिणाम असा, की एरवी भावाला पाहून तोंड फिरवणारा सोपान ओट्यावर येऊन खेकसायचा, "दादा, तुमी माझ्या पाळीत मोटार लावली!" गुरुजी तत्काळ गुन्हा कबूल करायचे. दंड म्हणजे सर्वांना चहा. आतून गुरुजींच्या पत्नीचा, पारूवहिनींचा, आवाज यायचा, "कायदा वरचा, आन् दूध माझ्या घरचं!"

एकदा मी संतापून विचारले, "गुरुजी, या मंडळाला अधिकार दिला कोणी?"

"सभासदांनीच."

"मग ज्याने दिला, तो काढूनही घेईल. तेव्हा काय कराल?"

गुरुजी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत राहिले.

या उन्हाळ्यात सोपानाने स्वतःची बोअर घेतली आणि तिला चांगले पाणी लागले. पावसाळ्याच्या तोंडावरच्या बैठकीला तो आला, पण टेकला नाही. "दादा, मला इहिरीचं पाणी आता नको. पुढच्या अमावशेला शेवटचा येतो. मंडळातनं म्या बाहेर."

"पडता येतं बाहेर," गुरुजी म्हणाले. "तक्रार प्रलंबित नसंल, तर."

त्यानंतर आठवडाभर पाऊस कोसळला. भातखाचरे काठोकाठ भरली. अशा पावसात, सोपानाच्या पाळीच्या दिवशी, छत्री धरून गुरुजी विहिरीवर उभे, मोटार चालू, आणि पाणी धो धो पडते आहे ते तुडुंब भरलेल्या खाचरात! मी कुंपणावरून ओरडलो. सोपान बांधावर उभा होता. "चालू द्या त्यांचं," तो मलाच म्हणाला, "मला काय त्याचं?" आणि वळून चालता झाला.

गुरुजी बराच वेळ त्याच्या पाठीकडे पाहत होते. मोटार बंद करायचेही त्यांना भान नव्हते.

अमावस्येला त्यांनी तक्रार दाखल केली. स्वतःविरुद्ध. साक्षीदार : सोपान.

फिर्यादी, आरोपी आणि मंडळाचा अध्यक्ष एकच इसम! माझ्या कपाळाची शीर उडू लागली. साक्षीला आलेला सोपान खांबाला टेकून उभा राहिला. "दादांनी मोटार लावली, म्या पाह्यलं. बास. निकाल द्या आन् मला सोडा."

गुन्हा कबूल होता, पुरावा डोळ्यांदेखतचा होता. निकालाला एक वाक्य पुरेसे होते. गुरुजी माझ्याकडे पाहत नव्हते. ते सोपानाच्या चपलांकडे पाहत होते, ज्या त्याने काढल्याच नव्हत्या.

तारखेवर तारीख देणाऱ्यांविरुद्ध मी वृत्तपत्रांना, मंत्र्यांना, वरिष्ठांना आयुष्यभर पत्रे लिहीत आलो आहे. मी घसा खाकरला. "पुरावा अपुरा आहे. पुढील सुनावणी येत्या अमावस्येला. तोवर कोणाही सभासदाला मंडळ सोडता येणार नाही."

"आन् तवा तरी निकाल लागंल का?" सोपान उखडला.

"सांगता येत नाही. प्रकरण गुंतागुंतीचे आहे."

सोपानाने माझ्याकडे पाहिले, मग भरलेल्या खाचराकडे, मग भावाकडे. चपला काढल्या आणि ओट्यावर बसला. "मंग दादा, माझा चहा बिनसाखरेचा सांगा. शुगर निघालीया मला."

"कवा?" गुरुजी ताडकन उठले. "आन् मला सांगितलं न्हाईस? पायाला मुंग्या येत्यात का? दाखव पाय!"

"आवो दादा, काय न्हाई झालं..."

"पाय दाखव म्हणतो ना, सोप्या!"

अधिकारक्षेत्र नसलेल्या प्रकरणात न्यायाधीशाने बसून राहू नये. मी चहा न घेताच उठलो.