कुंदाताईंची पहिली पसंती

"इथं मुलं रडायला कुठं जातात?"

शहरातल्या एका नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशखिडकीवर, मागं पन्नासेक पालकांची रांग असताना, कुंदाताईंनी हा प्रश्न खणखणीत आवाजात विचारला, तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो. माझी मुलगी सानिका दोन पावलं मागं सरकली आणि दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी असल्यासारखी भिंतीवरच्या सूचना वाचू लागली. मला ती सोय नव्हती. माझ्या हातात फाईल होती.

खिडकीतल्या गृहस्थांनी चष्मा काढला. "मॅडम, आमच्याकडे प्लेसमेंट सेल आहे."

"तो शेवटच्या वर्षाला. मी पहिल्या वर्षाचं विचारतेय."

गृहस्थ चष्मा पुसू लागले. कुंदाताईंनी पिशवीतून छोटी वही काढली, कॉलेजच्या नावावर काट मारली आणि मला म्हणाल्या, "चला. यांना माहीतच नाही."

मी हादरलो होतो. त्या दिवसांत मी तसा रोजच थोडाफार हादरत असे.

कुंदाताई आमच्या वारज्याच्या सोसायटीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. वय एकाहत्तर. लग्न केलं नाही. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं सहायक म्हणून काम केलं. प्राध्यापकांना मुलांचे फक्त गुण दिसतात, मला हात दिसायचे, असं त्या म्हणतात. "फर्स्ट इयरची मुलं परीक्षानळ्या फोडतात. सेकंड इयरची फोडून लपवतात. थर्ड इयरची फर्स्ट इयरच्या नावावर घालतात. याला शिक्षण म्हणायचं." सोसायटीत कुणाचंही मूल बारावी झालं की कुंदाताई आपणहून दार वाजवतात. त्यांना टाळण्यासाठी पहिल्या मजल्यावरच्या एका कुटुंबानं मुलाचा निकाल महिनाभर लपवला होता. कुंदाताईंनी तो पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यावरून ओळखला.

"मी सांगत नाही हं, मी आपली म्हणते," अशी त्यांची सुरुवात असते. त्यानंतर त्या जे म्हणतात ते न ऐकण्याची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

माझ्या दारावर त्या जूनमध्ये आल्या. सानिकाची आई जानेवारीत गेली होती. सकाळी सव्वादहाला, ध्यानीमनी नसताना. सानिका तेव्हा क्लासमध्ये सराव परीक्षा देत होती आणि तिचा फोन नियमाप्रमाणे बंद होता. तो तिनं दुपारी दीडला सुरू केला. त्यानंतर तिनं बारावी कशी दिली, हे तिलाही आठवत नाही. गुण मात्र चांगले पडले. पण ती म्हणत होती, मला कॉलेजला जायचं नाही, मी घरूनच काहीतरी करीन. मी वरवर समजूत घालत होतो. मनातून मला ती घरात हवी होती. मी एका छापखान्यासाठी मुद्रितं तपासतो. बरंचसं काम घरीच असतं, आणि त्या घराचा आवाज गेला होता.

"अहो केळशीकर," कुंदाताई आत येत म्हणाल्या, "मी सांगत नाही, पण ही यंदा घरी बसली तर पुढच्या वर्षीही बसेल. मग तुम्ही दोघं मिळून भिंती बघाल. ऊठ गं. कॉलेजं बघायची आहेत."

मग आम्ही पाच कॉलेजं पाहिली. पाहिली म्हणजे काय, ते सांगायला हवं. माहितीपुस्तक त्यांनी कुठंही उघडलं नाही. त्या आधी नळाचं पाणी प्यायच्या. मग ग्रंथालयात जाऊन कुठलंही पुस्तक काढायच्या आणि ते शेवटचं कधी बाहेर गेलं होतं ते पाहायच्या. एका ठिकाणी त्या चालू तासाला मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि पंधरा मिनिटांनी हात वर करून म्हणाल्या, "सर, फळ्याकडे तोंड करून बोलता, ते मागं ऐकू येत नाही." आम्हाला सन्मानानं बाहेर आणून सोडण्यात आलं.

आणि शेवटी तो प्रश्न. कुणी म्हणालं, आमची मुलं रडत नाहीत. कुणी समुपदेशकाच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिच्या कुलपावर कोळ्याचं जाळं होतं. पाचवं कॉलेज वाघोलीला होतं. तिथं त्यांनी कार्यालयात न जाता फाटकावरच्या वॉचमनना विचारलं. ते वयस्कर गृहस्थ जरासुद्धा चकित झाले नाहीत.

"लायब्ररीच्या मागं जिना हाय. तितं बसत्यात. म्या तिकडं फिरकत न्हाई. फकस्त संध्याकाळी गेट लावायच्या आदी एकदा हाक मारतो, कुनी राहिलं का म्हनून."

कुंदाताईंनी वही मिटली. "हे एक नंबरला लिहा."

मला वाटलं, गंमत करताहेत. अर्जात आधी कोणतं कॉलेज, मग कोणतं, असा पसंतीचा क्रम द्यायचा असतो, आणि पहिल्या पसंतीचं मिळालं की ते घ्यावंच लागतं. मग मागं फिरता येत नाही. सानिकाच्या गुणांना त्या काट मारलेल्या कॉलेजातही जागा मिळाली असती. मी तसं म्हणालो. सानिका कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा ठामपणे काही बोलली. "बाबा, वाघोलीच लिहा."

यादी लागली. पहिली पसंती मिळाली. सानिकाच्या मामाचा फोन आला. "भावजी, वारज्यात राहून वाघोली? अख्खं पुणं ओलांडून? कुणी सुचवलं हे?" मी शेजारच्या बाईंचं नाव सांगितलं. "त्या कोण, करिअर कौन्सेलर?" "नाही, त्या पाणी पिऊन बघतात," मी म्हणालो. मामानं फोन ठेवला.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कुंदाताईंनी सानिकाला जिन्यात गाठलं. पहिला बाक नको, शेवटचा नको. खिडकीकडचा तिसरा धर. पहिल्या आठवड्यात मैत्री करू नकोस, नुसतं पेन माग. डब्यात दोन पोळ्या जास्त ने, मैत्री आपोआप होते. सीनियर नोट्स देतो म्हणाला तर कुणाच्या ते विचार. आणि समजलं नाही तर मान डोलावू नकोस. "मान डोलावणाऱ्यांनीच माझ्या निम्म्या परीक्षानळ्या फोडल्या."

सानिका रोज सकाळी सातला जाऊ लागली. मनपाच्या बसस्थानकापर्यंत एक बस, तिथून वाघोलीची दुसरी. सकाळी, मग दुपारी मी मेसेज करी: पोचलीस का, जेवलीस का. उत्तरं येत. तीही भरगच्च. "पोचले. बस वेळेवर मिळाली. तुम्हीही वेळेत जेवून घ्या." "जेवले. आज भूक नव्हती, पण खाल्लं." आधी एका 'ह्म्म'वर भागवणारी मुलगी आपल्याशी बोलू लागली, म्हणून मी एकदा चक्क स्वयंपाकघरात उभा राहून डोळे पुसले. कॉलेजची निवड चुकली नाही, असं मामाला कळवलंसुद्धा.

तिसऱ्या आठवड्यात कॉलेजमधून फोन आला. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर पालकांची सही राहिली होती. मी सानिकाला न सांगताच गेलो. कार्यालयातल्या बाईंनी कागद पुढं केला.

"खरं तर तुमच्या सासूबाईंनाच सही करा म्हटलं होतं, रोज येतात म्हणून. तर म्हणाल्या, मी तिची कुणी नाही."

"कोण सासूबाई?"

"त्या काय, कँटीनमध्ये."

खिडकीजवळच्या टेबलाशी कुंदाताई बसल्या होत्या. पुढं कोथिंबिरीचा ढीग होता. कँटीनवाल्यानं तो त्यांच्यापुढं टाकला होता की त्यांनीच मागून घेतला होता, देव जाणे. समोर एक उंच मुलगा उभा राहून काहीतरी समजावत होता आणि त्या त्याला म्हणत होत्या, "मला पटवू नकोस, सरांना पटव." शेजारी एक फोन पालथा ठेवलेला होता. मागच्या कव्हरवरच्या मांजरावरून मी ओळखला. सानिकाचा.

मी खुर्ची ओढली.

"अहो केळशीकर, तुम्ही इथं कसे? आज काम नाही?" त्या म्हणाल्या, जणू मीच पकडला गेलो होतो.

मग त्यांनी देठं खुडता खुडता सांगितलं. पहिल्या दिवशी सानिका मनपाला उतरली आणि तिथंच बसून राहिली. वर्गात फोन बंद ठेवावा लागणार, या विचारानं तिचे पाय पुढं जाईनात. तिनं कुंदाताईंना फोन केला. त्या गेल्या. ठरलं असं की फोन कुंदाताईंकडे राहील. काही आलंच, तर त्या थेट वर्गात येऊन सांगतील. त्या अटीवर ती आत गेली. दुसऱ्या दिवशीही. तेव्हापासून कुंदाताई रोज मनपाला जाऊन तिला गाठत होत्या, आणि मी समजत होतो की गुडघ्याच्या व्यायामाला जातात.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही म्हणाला असता, नको जाऊस. राहा घरी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही चांगले आहात, म्हणून सांगितलं नाही."

हे खोटं आहे असं मला म्हणता येईना. काही वेळानं दुसरी गोष्ट लक्षात आली आणि माझे कान तापले.

"म्हणजे माझे मेसेज..."

"मग काय! उत्तर नाही गेलं तर तुम्ही धावत आला असता." कुंदाताईंची बोटं थांबली. "पोचले, बस मिळाली, ते सगळं तिच्या वतीनं. पण तुम्ही रोज विचारायचात, जेवलीस का. तेवढं मात्र मी माझंच लिहायचे."

मी सही करून निघालो. सानिकाला भेटलो नाही. तिनं मला स्वतः सांगावं, असं माझं आणि कुंदाताईंचं ठरलं. पुढच्या रविवारी तिनं सांगितलं. मी फक्त ऐकलं. घरी राहा, असं म्हणालो नाही. ते शब्द तोंडापर्यंत आले होते.

नवरात्रात एका संध्याकाळी दोघी बरोबर वर आल्या. सानिका हसत होती. "आजी, सांग ना बाबांना."

"हाकललं हो मला," कुंदाताई म्हणाल्या. "प्रॅक्टिकलचा ग्रुप झालाय म्हणे. त्यांना माझं टेबल पाहिजे."

"आणि फोन?" मी विचारलं.

"बॅगेत ठेवीन," सानिका म्हणाली. "बंद करून."

"बघा! एकतीस वर्षांत मला कुणी काढलं नव्हतं," असं म्हणत कुंदाताई जिना उतरल्या. पाठमोऱ्या त्या नेहमीपेक्षा लहान दिसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सानिका एकटी गेली. साडेसातच्या सुमारास मी गॅलरीतून पाहिलं, तर कुंदाताई इस्त्रीची साडी नेसून, पिशवी घेऊन खाली फाटकाशी उभ्या होत्या. एक बस आली आणि गेली. त्या पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिल्या आणि मग परत फिरल्या.

दुपारी एकला मी सानिकाला विचारलं, जेवलीस का. अर्ध्या तासानं उत्तर आलं: "ह्म्म."

मग मी खालच्या मजल्यावर तोच मेसेज केला. जेवलात का?

"तुम्हाला कामं नाहीत वाटतं," लगेच उत्तर आलं.

मी फोन बाजूला ठेवून मुद्रितं ओढली. पान संपता संपता तो पुन्हा वाजला.

"आता बसतेय. पिठलं केलंय. वाटी घेऊन या."