जावईबापूंचे चार किलो

"चार किलो म्हणजे काय हो, शालिकरामजी? एवढे तर आपण बाजारातून टमाटे आणतो! महिनाभरात उतरवून दाखवतो, लिहून ठेवा!"

अमरावतीच्या पाटबंधारे कार्यालयात, डबे उघडायच्या वेळी, गोवर्धननं ही घोषणा केली. त्याचं वजन होतं चौऱ्याहत्तर आणि त्याला हवं होतं सत्तर. हे जास्तीचे चार किलो दुसऱ्या कोणालाही शोधूनसुद्धा सापडले नसते. गोवर्धनला मात्र ते रोज दिसत, कारण ते सगळेच्या सगळे एका बटनामागे जमा झाले होते.

बटन होतं राखाडी सुटाचं. तीन वर्षांपूर्वीच्या अधिक महिन्यात, अकोटच्या सासुरवाडीत, धोंड्याच्या जेवणाला सासऱ्यांनी तो सूट दिला होता. आता पुन्हा अधिक महिना आला, पुन्हा धोंड्याचं बोलावणं आलं. तोच सूट घालून जायचं, असा गोवर्धनचा बेत होता. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, बरं वाटेल, असं तो म्हणायचा. खरं कारण होतं अकोल्याचा साडू, नितेश! हा नितेश जिमला जातो, मोबाईलवर पावलं मोजतो. मागच्या दिवाळीत त्यानं सगळ्यांदेखत गोवर्धनच्या पोटावर टिचकी मारून विचारलं होतं, "दादा, कितवा महिना?" सगळं घर हसलं होतं. गोवर्धनसुद्धा हसला होता, पण घरी येऊन त्या रात्री तो नीट जेवला नव्हता.

गोवर्धन आधी डॉक्टरकडे गेला होता, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

"ते भूक मारणारं इंजेक्शन निघालंय म्हणे. द्या की मला एक!"

डॉक्टर चारुशीलाबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं, उतरवलं, आणि चष्म्यावरून पाहिलं. "ते औषध तुमच्यासाठी नाही. चार किलोंसाठी तर नाहीच नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तासभर चाला."

"चालायला तर कोणीही सांगतं!" असं मनात म्हणत गोवर्धन बाहेर पडला आणि ऑटोनं घरी आला.

राहिले शालिकरामजी. शेजारच्या टेबलावरचे हेडक्लार्क, वजन एकशे सहा, सोबत शुगर. त्यांना तेच इंजेक्शन डॉक्टरांनी रीतसर लिहून दिलं होतं, आठवड्यातून एक. गोवर्धननं गळ घातली. शालिकरामजी नाही-नाही म्हणता म्हणता विरघळले.

"घ्या जी, सुईचं नवं पेन हाय घरी एक. पण सांभाळून बरं! हे पोटाले कुलूप लावते, अन् किल्ली आपल्याजवळ राह्यत नाई."

पेन फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे लपलं. बायकोला, आरतीला, पत्ता नाही. पहिले तीन आठवडे गोवर्धननं अगदी लहान डोस घेतला. माणूस लहान, डोस लहान, असा त्याचा हिशोब! आणि काय सांगावं, दोन किलो उतरले! तो ऑफिसात शीळ घालत फिरू लागला. पण धोंड्याचा रविवार उद्यावर आला आणि बटन अजून दोन बोटं लांब! मग शनिवारी त्यानं बाथरूमची कडी लावली, देवाचं नाव घेतलं, आणि पेनावरची डोसची चकती फिरवून फिरवून थेट शालिकरामजींच्या आकड्यावर नेली.

रविवारी सकाळी श्वास रोखला आणि बटन बसलं!

"आरती! बसलं! बसलं!"

"कोण बसलं?" आरती पोळपाट सोडून धावत आली. राखाडी सुटातला नवरा पाहून तिनं कपाळावर हात मारला. "अहो, मे महिना हाय! शिजून निघान तुमी!"

गोवर्धननं ऐकलं नाही. दर्यापूरमार्गे अकोटला जाणाऱ्या एसटीत सूट घातलेला तो एकटाच प्रवासी होता. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं, "लगन तुमचंच हाय काय?"

वाटेत आरती म्हणाली, "वाढतील थे गुमान जेवजा. मागच्या धोंड्यात नितेश ताटावर रुसला, अन् अंगठी घेऊनच उठला. बाबा काही बोलले नाई, पण लय लागलं होतं त्यायले. माह्या नवऱ्यानं मात्र अठरा वर्षांत माह्या बापाले सुतळीचा तोडा मांगितला नाई." हे बोलताना तिची मान ताठ होती. गोवर्धनला फार बरं वाटलं. फक्त दर्यापूर गेल्यापासून पोटात काहीतरी उलटं फिरू लागलं होतं.

अकोटला पोचेपर्यंत ते गळ्याशी आलं. सासरे वामनराव दारातच उभे होते. "या जावईबापू! वा! माह्याच सूट ना?" गोवर्धननं तोंड मिटून मान हलवली. तोंड उघडायची आता सोय नव्हती.

सासूबाई मनकर्णाबाई पहाटेपासून राबत होत्या. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, गोळाभात, कढी, वांग्याची भाजी! दोन्ही जावयांसाठी पाट मांडले, रांगोळी काढली. आणि या घरची रीत अशी की जावयांची ताटं आटोपल्याशिवाय बाकी कोणी घास घ्यायचा नाही. मनकर्णाबाईंचे दीर, जावा, लेकरं, शेजारी मिळून वीस-बावीस माणसं भिंतीला टेकून, डोळे लावून बसलेली.

नितेशनं मांडी घातली आणि सुरुवात केली. जिमवाला नितेश, बघता बघता पाच धोंडे गट्टम! गोवर्धननं एक धोंडा फोडला. तुपाचा वास आला. पोटातलं सगळं घशाशी आलं. त्यानं हात मागे घेतला.

"काहून जी? जेवा ना!" मनकर्णाबाई म्हणाल्या.

गोवर्धननं ओठ घट्ट मिटले.

नितेशला या विषयातला अनुभव होता. त्यानं तूप चाटत निदान सांगितलं, "मामाजी, दादा रुसले वाट्टे!"

वामनरावांचा चेहरा पडला. पण जावई तो जावई! ते पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "बोला जावईबापू. अंगठी करू?"

गोवर्धननं जोरजोरात मान हलवली. नको! नको!

"अंगठी कमी पडली काय? साखळी?"

आणखी जोरात मान! त्याच्या कपाळावर घाम जमला, डोळे मोठे झाले. बघणाऱ्यांना वाटलं, केवढा राग!

"मोटारसायकल?"

पुन्हा मान! मागे कोणीतरी कुजबुजलं, "मोठे जावई तं लय भारी निघाले बावा!"

वामनराव गोठ्याच्या दिशेनं वळले. मग हळूच म्हणाले, "मंग गौरी घेऊन जा. वासरासकट."

मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. गौरी म्हणजे त्यांची लाडकी गाय, पोरीसारखी वाढवलेली! आणि नेमकं त्याच क्षणी गोवर्धनच्या पोटातून एक उमासा आला, तो त्यानं सगळी ताकद लावून गिळला, आणि मान खाली-वर झाली.

"हो म्हणाले!" नितेश ओरडला.

गोवर्धननं वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात आरती उभी होती. ती रागावली असती तर चाललं असतं. पण तिची सकाळची ताठ मान खाली गेली होती, डोळे भरले होते. खरं सांगावं तर नितेश जन्मभर हसणार. न सांगावं तर आरती माहेरात पुन्हा कधी मान वर करणार नाही.

तो उठला, धावत परसात गेला, ओकून मोकळा झाला, चूळ भरून परत आला आणि सगळ्यांसमोर उभा राहिला.

"मामाजी, मले काही नको! मी रुसलो नाई. मी सुई घेतली, भूक मारायची. त्यानं जेवण जाऊन नाई राह्यलं!"

"सुई? कोणती बिमारी झाली जी?" मनकर्णाबाई घाबरल्या.

"बिमारी नाई. वजन. हे बटन लागत नव्हतं."

"किती वजन?" वामनरावांनी विचारलं.

"चार किलो."

वामनराव त्याच्याकडे बघतच राहिले. "चार किलो? अरे, कापूस मोजताना चार किलो तं मी काटा हालला म्हणून सोडून देतो!"

मग जे घर हसलं! नितेश तर हसता हसता तुपाच्या वाटीत कलंडला. गोवर्धनचे कान लाल झाले. पण आरती डोळे पुसत पुढे आली, ताकाचा गिलास त्याच्या हातात दिला आणि पुटपुटली, "येडे हा तुमी. पण मांगितलं तं नाई ना काही? मंग झालं!" आणि तिची मान पुन्हा ताठ झाली.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण वामनरावांनी हात वर केला. "अधिक महिन्यात जावयाले बोललेलं दान मागं घेत नसतात. गौरी तुमची!" गोवर्धननं हात जोडले, पाय धरले. उपयोग शून्य!

गौरी वासरासकट अमरावतीला आली, पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गाय चढेना. शेवटी बडनेरा रोडवरच्या नत्थुजी गवळ्यानं गोठ्यात जागा दिली, पण एका अटीवर. "चारायले तुमीच न्याजा. इची सवय मले नाई अन् माही इले नाई." गौरीला शेताचं चालणं माहीत! सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर, पुढे गौरी, मागे वासरू, आणि मध्ये दोरीला लटकलेला गोवर्धन! शालिकरामजींचं पेन तर आरतीनं अकोटहून परतल्याच दिवशी काढून घेतलं होतं.

दोन महिन्यांनी डॉक्टर चारुशीलाबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं. "सत्तर! अहो, काय घेतलं तुम्ही?"

"गाय," गोवर्धन म्हणाला.

आनंदानं तो घरी धावला. सूट घातला, बटन लोण्यासारखं बसलं! आता नितेशला फोटो पाठवायचाच, तोही गौरीसोबत! तो सुटातच गोठ्यावर गेला, नत्थुजींच्या हाती मोबाईल दिला, गौरीच्या गळ्यात हात टाकला आणि छाती पुढे काढून कॅमेऱ्याकडे पाहून हसला.

फोटो छान आला. त्यात गोवर्धन सडपातळ दिसतो, आणि गौरी शांतपणे ते बटन चावताना दिसते. नितेशला पाठवण्याआधी अकोटहून मनकर्णाबाईंचा फोन आला. सगळं ऐकून त्या कळवळून म्हणाल्या, "अगंबाई! उपाशी ठेवता काय माह्या गौरीले?"