गाडीवाल्यानं लांब बसायचं

कुंडलच्या रसूल मिस्त्रीकडं गाडी नेली की तो आधी गाडीला हात लावत नाही. आधी गाडीवाल्याला हाकलतो.

"इंजान चालू ठिवा, बॉनेट उघडा आन् लांब जाऊन बसा. मला दिसायचं न्हाई. गाडीवाला जवळ असला की गाडी खरं बोलत न्हाई."

कुणी का म्हणून विचारलं तर म्हणतो, "सासूसमोर सून सांगती का, कुटं दुखतंय ते?"

त्याचं गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लोखंडी पेटी, एक मोडकी ट्रॉली आणि चिंचेचं झाड. त्यातलं झाडच काय ते मोठं. गाडी बिघडली असं तो कधी म्हणत नाही. गाडी रुसली म्हणतो. सायलेन्सरच्या तोंडापाशी तळहात धरतो, डोळे मिटतो, आणि वैद्यानं नाडी बघावी तसा उभा राहतो. डिझेलमधे बोट बुडवून हुंगतो. एकदा माझ्यादेखत एक द्राक्षबागवाला नवीकोरी गाडी घेऊन आला. मिस्त्रीनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि हात जोडले.

"ही न्या शहरात. ही इंग्रजीत रुसतीया. हिची बोली मला येत न्हाई."

आता सगळ्याच गाड्या इंग्रजीत रुसतात. त्यामुळं चिंचेखाली दिवसदिवस कुणी नसतं.

मी वडूजच्या पुढचा. आमची मेंढरं राखणाऱ्यांची जात. तिसरीतनं शाळा सोडली ती मेंढरामागं गेलो, आणि मेंढरामागनं गाडीवर आलो. आमच्या भागातलं लेंडीखत भरायचं आणि कुंडल-पलूसच्या बागांना टाकायचं, हा माझा धंदा. गाडी म्हणजे जुना ट्रक, नाकाचा, इंजिन पुढं काढलेला. आता नाकाच्या गाड्या दिसत नाहीत. माणसं फोटो काढतात तिचा. मी काढू देतो.

गेल्या साली ही गाडी बिनसली. पायडलवरनं पाय काढला की थंडीताप आल्यागत सगळी हलायची. उभ्या जागी स्लो धरायचीच नाही. धडधड, धडधड, मधेच एक ठोका गाळायची, आणि बंद. चढाला तर ओढच नाही. मायणीच्या चढाला एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता, तो माझ्या पुढं निघून गेला. वर थांबून हसलाही.

एका गॅरेजवाल्यानं इंजिन खोला म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं नुसती मान हलवली, मेलेल्या जनावराकडं बघून हलवतात तशी. आणि माझा थोरला, तानाजी, घरी म्हणाला, "आप्पा, बास आता. सोमवारी पासिंग हाय. तितं सायबापुढं ही पाच मिनिटं तरी हुबी ऱ्हाईल का? म्या भंगारवाल्याला सांगून ठिवलंय. न्हाई झाली पास, तर मंगळवारी तो येतोय."

मी म्हटलं, "तुज्या बापालाबी न्हील का रं तो?"

पण शनिवारी सकाळी गाडी रेटत रेटत कुंडलला आणली.

"लांब बसा," मिस्त्री म्हणाला.

"न्हाई बसत," मी म्हणालो. "माझी गाडी माझ्यापासनं काय लपवत न्हाई."

"मग तुमीच करा दुरुस्त."

तो पेटीवर बसला आणि डब्यातले वायसर, नटाखालच्या चकत्या, निवडायला लागला. तांब्याचे एकीकडं, लोखंडी दुसरीकडं. मी गाडीच्या पायरीवर बसलो. दोघंही म्हातारे, दोघंही हट्टी. गाडी मधे उभी, बॉनेट उघडं टाकून. तास गेला. त्यानं निवडलेले वायसर परत एकत्र ओतले आणि पुन्हा निवडायला घेतले.

शेवटी सोमवार डोळ्यापुढं आला. मी उठलो आणि दहा पावलं गेलो.

"अजून," तो मान वर न करता म्हणाला.

आणखी दहा गेलो.

"बिरूआण्णा, तुमची सावली दिसतीया. चा पिऊन या जावा."

मी रस्त्याकडंच्या चहाच्या गाड्याकडं गेल्यागत केलं, आणि शेजारच्या बागेच्या कुंपणाकडनं वळसा घालून मोडक्या ट्रॉलीमागं येऊन बसलो. माझ्या गाडीला परका माणूस काय विचारतोय, हे मला कळायला नको?

उन्हाची वेळ. चिंचेचा बारीक पाला अंगावर गळत होता. गाडीचा निळा धूर सावलीत तरंगत होता आणि त्यातनं ऊन काठ्याकाठ्यांनी खाली उतरत होतं. मिस्त्री नोझलच्या पायपांचे नट एकेक करून ढिले करत होता. नट ढिला केला की इंजिनाचा आवाज खाली बसायचा, आवळला की वर यायचा. सहाच्या सहा वेळा तसंच. म्हणजे सहाही सिलिंडर कामावर होते, एकही मेला नव्हता. ते ऐकता ऐकता माझे डोळे जड झाले. इंजिनाच्या धडधडीत मला आमचा माळ दिसायला लागला. मेंढरं चालली होती, सगळी एका चालीनं, आणि त्यात एकच लंगडत होतं. ते कुठलं ते काही दिसेना. मी त्याच्यामागनं चाललो होतो, आणि धुळीत पुढं कुणीतरी बोलत होतं.

जागा झालो तरी बोलणं चालूच होतं.

मिस्त्री बोलत होता. एक हात रेडिएटरवर ठेवून, हळू आवाजात. आमच्याशी तो आमच्यासारखंच बोलतो. ही बोली वेगळी होती, त्यांच्या घरातली. ती मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"कल सालन में नमकच नै डाल्या मैं," तो गाडीला कालच्या कालवणाचं सांगत होता. "वैसाच खाया. कौन बोलनेवाला?"

गाडीनं एक ठोका गाळला. तो थांबला, तिचं ऐकून घेतल्यागत, आणि पुढं बोलायला लागला. पुण्याचा मुलगा फोन करतो, पण 'अब्बा, जेवलात का' एवढंच विचारतो. ह्यानं हो म्हटलं की पोराचं काम संपतं. परसातली कोंबडी खुडूक बसलीय. शमाबीनं लावलेली जाई यंदा फुललीय, पण वरवर गेलीय, हात पोचत नाही.

शमाबी त्याची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आम्ही मातीला गेलो होतो. तवा हा डोळ्यात टिपूस न आणता उभा होता, आणि आम्ही घरी येताना म्हटलं होतं, मिस्त्री मोठा घट्ट माणूस.

मी ट्रॉलीमागं श्वास धरून बसलो. दुसऱ्याच्या घरात शिरल्यागत झालं. उठावं तर पाला वाजणार.

बोलता बोलता त्याचे हात काम करतच होते. टाकीकडनं निघालेला पाईप तो बोटांनी चाचपत येत होता, मेंढराच्या पायात काटा शोधावा तसा. पंपाजवळच्या जोडापाशी त्याची बोटं थांबली. तो जोड माझ्या हातचा होता.

त्यानं इंजिन बंद केलं, जोड खोलला, पंपाची जाळी काढून उजेडात धरली आणि चहाच्या गाड्याच्या दिशेनं तोंड करून ओरडला, "बिरूआण्णाऽ!"

आता आली पंचाईत. मी वाकून कुंपणाकडनं पुन्हा सगळा वळसा घातला, आणि चहा पिऊन आल्यागत मिशा पुशीत समोरनं आलो.

"चा कसा हुता?"

"पानचट," मी म्हणालो.

त्यानं जाळी माझ्या नाकापुढं धरली. जाळीत काळ्या लोकरीचा पुंजका अडकला होता.

"ही मेंढी कुटली, आण्णा?"

मी आभाळाकडं बघितलं. मग सांगावंच लागलं. दिवाळीच्या आधी वाटेत त्या जोडातला तांब्याचा वायसर फुटला होता. जवळपास दुकान नव्हतं. खिशात घोंगड्याचं सूत होतं. आमच्यात सूत खिशात असतंच, हात रिकामे नको म्हणून. मी त्याला पीळ दिला, साबण चोळला आणि जोडात गच्च बसवलं. पाण्याची बुधली मी तशी कितीदा बांधलीय. एक थेंब गळत नाही.

"आन् हितंबी गळत न्हवतं! बघा की, कोरडं हाय!"

"गळंल कसं?" मिस्त्री म्हणाला. "ही वडायची बाजू हाय. इंजान चालू असलं की हितनं डिझेल भाईर येत न्हाई, वारं आत जातं. वारं पिऊन कोण धावंल? आन् वर तुमची लोकर आत गेली, ती जाळीत बसली. तुमी तिला घोंगडं पाजलं, आण्णा."

"मी व्हतो म्हणून घरापतुर तरी आली."

"तर! आन् जवळ असता तर तिनं मला ह्ये सांगितलं असतं का?"

मी जाळीतला पुंजका काढून खिशात घातला. 

त्यानं जाळी धुतली, निवडून ठेवलेल्यातला तांब्याचा वायसर घातला, हातपंप मारून पायपातलं वारं बाहेर काढलं. फेस आला, बुडबुडे आले, मग सलग धार आली. "आता मारा स्टार्टर."

गाडी चालू झाली आणि खाली बसली. मी पाय काढला. ती हललीसुद्धा नाही. दुपारी झाडाखाली कळप बसून रवंथ करतो, सगळ्यांचे जबडे एका लयीत चालतात, आणि ऐकणाऱ्या मेंढक्याच्याही पापण्या मिटतात, तशी ती चालत होती. 

सोमवारी साताऱ्याला पासिंग झालं. साहेब कागद लिहीपर्यंत गाडी जागेवर चालू होती, त्याच्या टेबलावरचा चहा डुचमळला नाही. तानाजीनं पासिंगचा कागद दोनदा वाचला. मी भंगारवाल्याला स्वतः फोन करून विचारलं, "येतुयास का? चा प्यायला ये."

महिन्याभरानं खत घेऊन कुंडलला गेलो. खत टाकलं, रिकामी गाडी घेऊन निघालो. येताना मायणीचा चढ ती गाणं म्हणत चढली होती. कुठं काही खोट नव्हती. तरी हात चिंचेकडं वळले.

मिस्त्री पेटीवर एकटाच बसला होता. गाडी बघून उठला. "काय झालं आण्णा?"

मी उभ्या जन्मात माझ्या गाडीला नावं ठेवली नाहीत. पोटच्या पोराला ठेवलीत, गाडीला नाही. जीभ उचलेना. गाडी आपली त्याच्यापुढं झकास चालत होती, मला खोटं पाडत.

"हलतीया जरा," मी म्हणालो. "स्लोवर."

त्यानं बॉनेटवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडं बघितलं, आणि फडक्यानं उगीच हात पुसले.

"व्हय," तो म्हणाला. "कानाला लागतंय खरं. दोन तास तरी मोडत्याल."

मी इंजिन तसंच चालू ठेवून निघालो. चहाच्या गाड्यावर जाऊन बाकड्यावर बसलो. एक चहा झाला, दुसरा झाला. चहावाला म्हणाला, "आण्णा, मिस्त्रीला बोलवू का? झाली असंल की गाडी."

"गप बस," मी म्हणालो. "अजून निम्मंबी सांगून झालं नसंल. आन तिसरा."