सुमनबाई बॉल पाहत नाहीत

हॉकीची मॅच पाहायला आलेला माणूस बॉल पाहतो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. सुमनबाई गोलपोस्टच्या मागे बाभळीच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात, मांडीवर छत्री आडवी ठेवतात आणि मॅच संपेपर्यंत बॉलकडे ढुंकूनही बघत नाहीत. एकदा गोल झाला, सगळं मैदान ओरडलं आणि बाईंनी मला विचारलं, "काय झालं, सर?"

"बाई, तुम्ही बॉल पाहा ना जरा."

"बॉल कायले पाहू? बॉल त सगळे सारखेच गोल असतात. पोरी पाहा."

सुमनबाई माझ्या शेजारी राहतात. आमची मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या खुर्चीची ने-आण माझ्याकडे आपोआप आली. बोरी अरबच्या अंगणवाडीत त्या जन्मभर सेविका होत्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, दोन भाषणं ऐकावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीच्या वेळेला अंगणवाडीच्या दारापर्यंत गेल्या. आत नवी सेविका पोरांना ओळीत बसवत होती. बाई तिथूनच वळल्या आणि घरी न जाता आमच्या शाळेच्या मैदानावर आल्या. तेव्हापासून त्या हॉकीच्या जाणकार आहेत.

आमच्या गावात हॉकी कशी आली, हेही सांगायला हवं. शाळेनं क्रिकेटचं साहित्य मागितलं होतं. वरून हॉकीच्या काठ्या आल्या. परत पाठवायचा खर्च कोणी करायचा यावर दोन बैठका झाल्या आणि काठ्या खोलीत पडून राहिल्या. शिपायानं एक काठी कुत्र्यांना हाकलायला नेली, एक चिंचा पाडायला गेली. मग राठोड सर खेळाचे शिक्षक म्हणून आले आणि त्यांनी उरलेल्या काठ्या मुलींच्या हाती दिल्या. मुलांच्या का नाही, तर मुलं म्हणाली की त्यांना क्रिकेटच पाहिजे. अशा रीतीनं आमच्याकडे मुलींची हॉकी टीम झाली. आता गावाला तिचा अभिमान आहे आणि सुरुवात आपणच केली असं सांगणारी माणसंही बरीच आहेत.

दरवर्षी शालेय स्पर्धा सुरू होण्याआधी दारव्ह्याच्या टीमबरोबर एक सरावाची मॅच होते. नव्या पोरींतून कोणाला घ्यायचं, ते त्या मॅचवर ठरतं. ठरवतात राठोड सर. सल्ला मात्र सगळं गाव देतं, आणि त्यात सुमनबाईंचा सल्ला वेगळाच असतो. पोरगी तीन वर्षांची असताना कशी होती, यावरून त्या तिची मैदानातली जागा ठरवतात.

"ते मले तिसऱ्या वर्षीच दिसलं होतं," हे त्यांचं वाक्य. त्यानंतर कोणी काही बोलायचं नसतं.

यंदाच्या मॅचला आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला. काळ्या मातीचं मैदान, बॉल जिथं पडेल तिथंच रुतून बसत होता. पोरी त्याला चिखलातून उकरून काढत होत्या. माझ्या एका बाजूला सुमनबाई आणि दुसऱ्या बाजूला सरपंच. सरपंचांची पुतणी रुची यंदा पहिल्यांदा उतरली होती.

"ती श्वेता," बाईंनी छत्रीच्या टोकानं दाखवलं. "हिनं अंगणवाडीत कोणाची पाटी घेतली त वापस केली नाही. तिच्याजवळून बॉल कोणी नेऊन दाखवा. हिले समोर ठेवा."

श्वेता समोरच होती. बाईंनी तो आपलाच विजय मानला.

"अन् ती प्राची. दारात बसे. कोणाले आत येऊ देत नव्हती. तपासणीले साहेब आले होते, त्यायलेही अडवलं. साहेब बाहेरूनच सही करून गेले. हिले मागं ठेवा."

तेवढ्यात दारव्ह्याचा बॉल आमच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून सावकाश आत गेला.

"पूनम," बाई शांतपणे म्हणाल्या. "जेवण झालं की झोपे. अजून उठली नाही."

आता सरपंचांनी घसा साफ केला. "बाई, आमच्या रुचीबद्दल काही?"

"खाऊ वाटाले घेतला की पहिला हात हिचा. काम सांगितलं की पोटात दुखे."

सरपंचांनी जरा विचार केला. "म्हणजे लीडरशिप हाय तिच्यात."

"तेच सांगून राह्यली ना मी," बाई म्हणाल्या.

बाईंचे अंदाज खरे ठरतात असं मात्र कोणी समजू नये. श्वेताच्या मोठ्या बहिणीबद्दल त्यांनी सांगितलं होतं की ही महाराष्ट्राकडून खेळणार. डावखुरी आहे, तिसऱ्या वर्षीच दिसलं होतं. तिचं आता दारव्ह्याला ब्यूटी पार्लर आहे. मी एकदा हे बाईंच्या लक्षात आणून दिलं.

"पार्लरमध्येही डाव्या हातानंच करते ना?" त्या म्हणाल्या. "मंग."

मध्यंतरापर्यंत आम्ही दोन गोलांनी मागे होतो. राठोड सरांनी रुचीला बाहेर बसवलं, सरपंच फोन आल्यासारखं करून उठून गेले, आणि माझ्या वर्गात यंदाच आलेली एक उंच, सडपातळ पोरगी मैदानात आली. तिच्या बुटाचा तळ सुटला होता आणि तो तिनं सुतळीनं बांधला होता. बॉल तिच्या काठीला लागला आणि पहिल्यांदाच चिखलातून वाट काढत पळायला लागला. दारव्ह्याची एक पोरगी घसरली, दुसरी नुसती बघत राहिली. गोल झाला. थोड्या वेळानं तिनंच दुसरा केला.

मी बाईंकडे पाहिलं. शेजारचे दोघं-तिघंही त्यांच्याकडेच पाहत होते. सगळे निकालाची वाट बघत होते.

बाईंनी छत्री उघडली, परत मिटली. "ही कोणाची?"

राठोड सर कडेनं पळत होते, त्यांना त्यांनी थांबवलं. सर म्हणाले, "कोमल मडावी. आठवीत आली. इथं मामाकडं राह्यते. मामा कापसाच्या जिनिंगमध्ये आहे."

"अंगणवाडी कुठची?"

"आता ते मले काय मालूम, बाई? खेळते कशी ते पाहा ना."

मग सुमनबाईंनी मी कधी न पाहिलेली गोष्ट केली. खुर्ची पुढे ओढली आणि उरलेली सगळी मॅच बॉलकडे बघितलं. मधेच मला स्कोअरही विचारला.

मॅच बरोबरीत सुटली. नंतर पोह्याच्या प्लेटा वाटल्या आणि पोरी नेहमीप्रमाणे बाईंच्या भोवती जमल्या. हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. "बाई, माहं सांगा ना," म्हणत एकेक पुढे येते, बाई तिची तीन वर्षांची असतानाची अब्रू काढतात आणि बाकीच्या पोट धरून हसतात. पूनमची झोप झाली, प्राचीचे साहेब झाले. कोमल जरा बाजूला उभी राहून पोहे खात होती. हसायच्या जागी तीही हसत होती. कोणी तिला पुढे ढकललं नाही आणि तीही आली नाही. बाईंनी दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि परत श्वेताच्या पाटीवर गेल्या.

परत जाताना मात्र ती आमच्याबरोबर होती. जिनिंगकडे जायला आमच्याच गल्लीवरून वाट आहे. मी खुर्ची डोक्यावर घेतलेली, बाई छत्री टेकत चाललेल्या, आणि कोमल सुतळीच्या बुटानं चिखल तुडवत मागून येत होती. कपाशीच्या शेताशी आल्यावर ती म्हणाली, "बाई, त्या सगळ्या पोरींचं तुमाले खरंच याद हाय?"

"हाय ना. काहून?"

"असंच. माहं कोणाले याद नाही. मामानं मले पाह्यलंच आठवीत. आई मी लहान असतानी गेली." एवढं बोलून ती थोडं हसली. "मी रडकी होती का काय होती, काही समजत नाही."

मला वाटलं, आता बाई राठोड सरांना विचारलं तसं विचारतील, की अंगणवाडी कुठची, गाव कुठचं. त्या थांबल्या. रस्त्याच्या कडेला एक छोटा पूल होता, त्याच्या कठड्यावर छत्रीचा आधार घेत बसल्या आणि कोमललाही बस म्हणाल्या.

"तू चपला उलट्या घालत होती," बाई म्हणाल्या.

कोमलनं माझ्याकडे पाहिलं. मी कपाशीकडे पाहिलं.

"लहान पोरं सगळीच घालतात, बाई."

"घालतात. पण सांगितलं की सरळ करतात. तू करत नव्हती. त्याच उलट्या चपला घालून सगळ्याच्या समोर पळे."

कोमलनं पायातल्या बुटाकडे बघितलं. सुतळीची गाठ सैल झाली होती, ती आवळायला लागली. बाई गावाबाहेरची पोरगी कुठून ओळखणार, हे तिला माहीत होतंच. ती हुशार आहे, माझ्या वर्गात आहे.

"मंग?" तिनं विचारलं.

"मंग काय. खिचडी अर्धी खाये, अर्धी बाजूच्या पोरीले देये. गाणं म्हणा म्हटलं की तोंड बंद. अन् बाकी पोरं बोलून राह्यले की एकटीच म्हणे."

"रडत होती का मी?"

बाईंनी इथं थोडा वेळ घेतला. इतक्या वर्षांत त्यांना निकाल द्यायला वेळ लागलेला मी पाहिला नव्हता.

"सकाळी रडे. आई सोडून गेली की. दुपारी नाही."

"दुपारी काहून नाही?"

"दुपारी घ्यायले येये ना आई. रोज. सगळ्याच्या आई उशिरा येत, तुही आई पहिले येये. दारात उभी राहे. आत येत नव्हती, लाजाळू होती. पण तुले मालूम राहे, आई आली म्हणून."

कोमलची गाठ बांधून झाली होती, तरी तिनं मान वर केली नाही. कपाशीतून वारा येत होता. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण बाईंना सोडून कसा जाणार.

"साडी कोणत्या रंगाची राहे?" कोमलनं खालीच बघत विचारलं.

बाईंनी डोळे बारीक केले, जणू दारातलं कोणी लांबून ओळखत होत्या.

"हिरवी," त्या म्हणाल्या.

कोमलनं मान वर केली.

"हिरवीच असन," ती म्हणाली.