टोपलीतला आवाज

“बाबा, आधी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. त्याशिवाय अपडेटला हात लावायचा नाही,” एंदांग तैवानहून फोनवर बजावत होती.

“नाही लावत.”

“आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपजवळ ठेवू नका. कोरड्या, सुरक्षित जागी ठेवा.”

“बरं.”

“आणि चार्जर काढायचा नाही हं! बॅटरी कधीच मेलीय त्याची. अपडेट चालू असताना मधेच वीज तुटली की संपलं सगळं.”

“अगं, मी शाळेत शिपाई होतो, विद्यार्थी नव्हतो. किती घोकून घेशील?” पाक वार्जो, म्हणजे गल्लीचे वार्जोकाका, म्हणाले आणि फोन ठेवल्यावर स्वतःशीच पुन्हा एकदा घोकू लागले.

उद्या मुर्सियाचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, हजारावा दिवस होता. क्लातेन गावच्या त्या गल्लीत माणूस गेला की ठरलेल्या दिवशी जेवणं होतात, आणि हजाराव्या दिवसाचं शेवटचं. त्यानंतर गेलेल्याला कायमचा निरोप दिला असं मानतात. आई गेली तेव्हा एंदांगला येता आलं नव्हतं. तिकडे ती ज्या म्हातारीची सेवा करायची तिला पाणी द्यायलाही दुसरं कुणी नव्हतं. निदान हा निरोप तरी मोठ्या पडद्यावर डोळे भरून बघावा अशी पोरीची इच्छा होती. पण जुन्या लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल लागेना. आधी अपडेट करा, मग बोला, असं तो ऐकवत होता. एखाद्या सरकारी कारकुनासारखा तो आपल्या म्हणण्यावर अडून बसला होता.

त्या लॅपटॉपमध्ये आणखी एक गोष्ट होती, आणि ती पाक वार्जोंनी लेकीलाही सांगितली नव्हती. मुर्सियाला लिहायचा कंटाळा. ती लॅपटॉपसमोर बसून लेकीसाठी निरोप बोलायची, मग स्वतःच ऐकायची आणि तोंड वाकडं करायची, “शी! हा माझा आवाज? डबक्यातला बेडूक बरा. नका पाठवू हो.” असे न पाठवलेले निरोप तिथे साठून राहिले होते. ती गेल्यावर ते ऐकायची पाक वार्जोंची छाती झाली नाही. उद्या लेक पडद्यावर आली की दोघं मिळून ऐकू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. एकट्याने ऐकणं त्यांना झेपणारं नव्हतं.

त्यांनी सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं. तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला. आता सुरक्षित जागा कोणती? मुर्सिया आपली कानातली कपाटावरच्या रिकाम्या बांबूच्या टोपलीत, तळाच्या सागाच्या पानाखाली ठेवायची. “चोर कुलूप बघतो, रिकामी टोपली कोण बघतं?” असं ती म्हणायची. तिचं एवढं एक तरी ऐकावं म्हणून पाक वार्जोंनी पेनड्राइव्ह त्याच पानाखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी अपडेट सुरू केला आणि चार्जरवर पाटी चिकटवली, ‘हात लावू नये’. तोवर मेव्हणी लास्त्री शेजारणींची फौज घेऊन स्वयंपाकघरात शिरली.

“दाजी, कोंबड्या कापायला कुणाला सांगू?”

“बाजारातून आणू की दोन.”

“घरात दोन असताना बाजारातून? अख्खी कोंबडी लागते आजच्या जेवणाला. ताईच्या नावाने ताईच्याच हातच्या कोंबड्या, याहून काय चांगलं?”

मुर्सियाच्या कोंबड्यांतल्या शेवटच्या दोन उरल्या होत्या. पाक वार्जोंनी त्या स्वतः धरून दिल्या आणि खुराड्याकडे न बघता घरात आले. लॅपटॉप निम्म्यावर आला होता.

आता घराची वीज म्हणजे एक दिवा, एक पंखा आणि फार तर एक राइस कुकर एवढ्यापुरतीच. लास्त्रीने शेजारपाजारचे तीन कुकर आणले होते. पहिला लावला, दिवा मंद झाला. दुसरा लावला, पंखा कण्हू लागला. तिसरा लावला आणि मेन स्विच खट्‌कन पडला. घर काळोखलं, आणि लॅपटॉपही.

“चार्जर कुणी काढला?” पाक वार्जो ओरडले.

“कुणी हात नाही लावला हो! बघा, पाटीसकट लावलेलाच आहे,” लास्त्री म्हणाली.

तिचं काही खोटं नव्हतं. चार्जर जागच्या जागी होता, फक्त वीज नव्हती. स्विच वर केला तेव्हा कुकर सगळे सुरू झाले, लॅपटॉप तेवढा झाला नाही. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून बघितला, हुंगल्यासारखं केलं आणि मान हलवली.

“पाक, यातलं आता काही हाती लागायचं नाही. दुसरीकडे उतरवलं होतंत ना?”

“म्हणजे काय! उतरवलंय,” पाक वार्जो छाती काढून म्हणाले. संकट यायच्या आधीच तयारी करून ठेवण्याची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

दुपारच्या प्रार्थनेला गल्लीतले पुरुष चटयांवर बसले. एंदांगला लास्त्रीच्या फोनवर बोलावलं होतं. फोन पाण्याच्या जगला टेकून ठेवला होता, तो घसरून उताणा झाला. प्रार्थना चालू असताना उठून तो सरळ कोण करणार? शेवटी फोन हातात घेतला तेव्हा एंदांग रडत होती.

“दिसलं का गं नीट?”

“कौलं दिसली बाबा. एक फुटलंय.”

“हो, मागच्या पावसात फुटलं.” त्यांनी कपाटाकडे बघितलं. “तू थांब. तुझ्यासाठी एक वस्तू ठेवलीय. ती दाखवतो तुला.”

पाहुण्यांनी भाताने भरलेल्या टोपल्या रिवाजाप्रमाणे घरी नेल्या. अंगण रिकामं झालं. पाक वार्जोंनी स्टुलावर चढून कपाटावर हात फिरवला आणि हाताला नुसती धूळ लागली.

“लास्त्री! इथली टोपली?”

“कमी पडत होत्या दाजी. वर एक चांगली कोऱ्यासारखी दिसली, पान घातलेली. तिच्यातच भरला भात.”

“कुणाला दिली?”

“आता भातावर का नाव लिहिलं होतं?”

पाक वार्जो स्टुलावरच बसले. सगळं सांगितल्याबरहुकूम केलं होतं, अगदी अक्षरशः, आणि तरी सगळं मुसळ केरात गेलं होतं. मुर्सिया एकदा गेली होती. आता ती दुसऱ्यांदा गेली, आणि तीही भाताखाली.

दुसऱ्या दिवशी ते दारोदार निघाले. पण विचारायचं कसं? तिथे दिलेल्या टोपलीची चौकशी करणं म्हणजे दिलेला घास मोजणं. शिवाय कुणाच्याही घरी गेलं की आधी बसायचं, गोडमिट्ट चहा घ्यायचा, पावसापाण्याचं बोलायचं आणि मग विषयाच्या आसपास घिरट्या घालायच्या. म्हातारा दुःखाने भिरभिरतोय असं समजून प्रत्येक घरात लोक मुर्सियाच्या आठवणी काढत. तिने कुणाची बाळंतपणं निस्तरली होती, कुणाच्या नवऱ्याला फैलावर घेतलं होतं. पाक वार्जो माना डोलवत होते, डोळे पुसत होते आणि कोपऱ्यातल्या टोपल्यांवर नजर टाकत होते. पाक दार्मो मास्तरांकडे पोचले तोवर पोटात चहाचं तळं झालं होतं.

“काल भात... बरा होता ना?”

“उत्तम होता!”

“आणि भाताच्या खाली?”

“खाली नूडल्स होत्या.”

“त्यांच्याही खाली?”

“पाक वार्जो,” मास्तर हळुवारपणे म्हणाले, “त्यांच्या खाली टोपली होती.”

आतून मास्तरीणबाईंची कुजबूज ऐकू आली, “बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. आणखी चहा द्या त्यांना.”

पाक वार्जोंना हसू यायला हवं होतं. पण त्यांना एकदम भरून आलं. त्यांनी कप उचलला, आणि तेवढ्यात रस्त्यावरून एक मोठा, खरखरीत आवाज आला.

“एंदांग, जेवलीस का गं?”

त्यांच्या हातातला कप लवंडला.

“नुसत्या नूडल्स खाऊन राहू नकोस. भात मिळतो ना तिकडे? तुझे बाबा बरे आहेत. फक्त सगळं हरवतात. परवा बाजारात सायकल विसरून चालत घरी आले.”

पाक वार्जो अनवाणी धावत सुटले. टोफूचे गोळे तळून विकणाऱ्या तुगिरानची तीनचाकी गाडी वळणावर उभी होती. एरवी तिच्या भोंग्यातून त्याचाच घसा ‘गरम टोफू, आत्ता तळला’ म्हणून कोकलायचा. आज भोंग्यातून मुर्सिया बोलत होती, आणि गल्लीतल्या साऱ्या बायका दाराशी येऊन उभ्या होत्या. एकीने तर नकळत “हो, जेवले” असं उत्तरही दिलं.

“पाक, या काकूच ना?” तुगिरान घाबरून म्हणाला. “टोपली धुताना पानाखाली हा पेनड्राइव्ह सापडला. बाकीचे लोक अशा जेवणाला आठवण म्हणून प्रार्थनेचं पुस्तक वाटतात. म्हटलं, तुमची लेक परदेशात, तुमचं सगळं नव्या तऱ्हेचं! आठवण दिलीय तर चार लोकांनी ऐकायला नको? काढू का? हे घ्या, काढतो...”

“थांब!” पाक वार्जोंनी त्याचा हात गच्च धरला. “चालू असताना काढू नकोस. मधेच तोडलं की संपतं.”

त्यांनी खिशातून आपला बटणांचा जुना फोन काढला, लेकीला लावला आणि एक शब्दही न बोलता भोंग्यासमोर धरला. पुढचा निरोप सुरू झाला होता. मुर्सियाने सगळ्या निरोपांची सुरुवात सारखीच केली होती.

“एंदांग, जेवलीस का गं?”

फोनमधून बारीक आवाज आला, “नाही गं आई. अजून नाही.”

कढईतलं तेल तापत होतं, पण तुगिरानने गोळे सोडले नाहीत. भोंग्यात मुर्सिया जरा थांबली, खाकरली आणि मान वळवून बोलावं तशी, लेकीला नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी मोठ्याने म्हणाली, “अहो, ऐकलंत का? कोंबड्या आत घेतल्या का?”

पाक वार्जो भोंग्याकडे बघत राहिले. कोंबड्या काल तिच्याच नावाने सगळ्या गल्लीने खाल्ल्या होत्या. संसारात त्यांनी असंख्य वस्तू हरवल्या होत्या, पण मुर्सियाशी कधी खोटं बोलले नव्हते.

“घेतल्या गं,” ते म्हणाले. “दोन्ही आत घेतल्या.”